टोळी निघण्याआधी तिचे कागद करून द्या

गणपती उठले, पितरं जेवली, घट बसायची वेळ आली. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, सगळीकडे मुकादमांची उचल वाटून होत आली आहे. दसरा झाला की ट्रॅक्टर भरायला लागतील. दिवाळी कुणाची घरी होईल, कुणाची फडावर. जाणाऱ्यांत गरोदर बाया असतील, दरवर्षी असतात. बीड जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने २०२५ मध्ये जे आकडे दिले, त्यांत दीड हजारांहून जास्त बाया पोटुशा असताना उसाच्या फडात काम करत होत्या, असं आहे. एका जिल्ह्याचा हा आकडा आहे.

यातल्या बहुतेकींना सरकारकडून पैसे मिळायला हवेत, आहार मिळायला हवा, फुकट बाळंतपण मिळायला हवं. कायद्यात आणि सरकारी योजनांत ते लिहिलेलं आहे. तरी फार थोड्या बायांच्या हातात ते पूर्ण पडतं, कारण या सगळ्याची मांडणी अशी केली आहे की बाई नऊ महिने आणि पुढचं वर्षभर एकाच गावात, एकाच नावाने, चालू मोबाइल आणि चालू बँक खात्यासह राहते, असं गृहीत धरलेलं आहे. ऊसतोडीची बाई तशी राहत नाही. ती सहा महिने गावात आणि सहा महिने कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या नाहीतर बेळगाव-बागलकोटच्या फडात असते. कागद गावात अडकतो आणि ती फडात.

म्हणून गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनो, गुरुजींनो, ग्रामसेवकांनो, बँकमित्रांनो, पोस्टमनदादांनो, सेतू केंद्र चालवणाऱ्यांनो, बचत गटांच्या ताईंनो, हे आवाहन तुम्हाला आहे. टोळ्या निघायला आता फार दिवस उरलेले नाहीत. तेवढ्यात आपल्या वाडीवस्तीवरच्या प्रत्येक गरोदर बाईचे कागद पुरे करून द्या. तिच्याकडून करून घ्या असं म्हणत नाही. तिच्याबरोबर बसून तुम्ही करून द्या.

काय मिळायला हवं ते आधी नीट सांगतो, कारण गावात याबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरते. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आहेत. त्यातले ३,००० गरोदरपणाची नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर, आणि २,००० बाळाची जन्मनोंद होऊन पहिल्या टप्प्याच्या लसी पुऱ्या झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये एकदम. १ एप्रिल २०२२ पासूनची ही रचना आहे. पात्रतेसाठी रेशन कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, यांतलं एखादं चालतं. म्हणजे ऊसतोडीच्या जवळजवळ प्रत्येक घरात त्यातलं काहीतरी आहेच. अर्जाला फी नाही. कुणी शंभर-दोनशे मागत असेल तर देऊ नका आणि देऊ देऊ नका. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. नवऱ्याने टाकलेली असेल किंवा ती एकटी राहत असेल तरी तिला हक्क आहे. हे अनेक ठिकाणी अजून सांगितलं जात नाही. आधीचं बाळंतपण वाया गेलं असेल तर या खेपेला तिला पुन्हा अर्ज करता येतो, हेही सांगितलं जात नाही.

जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० रुपये वेगळे आहेत, दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायांना. आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात कुठल्याही सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, राहिलेल्या दिवसांचं जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी, सगळं मोफत आहे. त्यासाठी रेशन कार्डाचा रंग कुणी बघायचा नाही.

हे ऐकून तुम्ही विचाराल, मग अडतं कुठे?

पहिलं नावात अडतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात, नवरा-नवरीला हसवतात, जेवणं होतात. पुढे आधार कार्डावर माहेरचं नाव राहतं, सासरच्या रेशन कार्डावर नवं नाव चढतं किंवा चढतच नाही, आणि आशाताई तपासणीच्या कार्डावर घरात जे हाक मारतात ते लिहितात. गेल्या हंगामाआधी आमच्या भागातल्या सेतू केंद्राबाहेर अशीच एक पोर बसली होती. सहावा महिना. आधारवर एक नाव, बँकेच्या पुस्तकावर दुसरं, कार्डावर तिसरं. तिला कुणीतरी सांगितलं होतं की आधी आधार बदलून आण. आधार केंद्र तालुक्याला. तिथे लग्नाचा दाखला मागितला. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत झालेली नव्हती. ग्रामसेवकाकडे दोन गावं, तो त्या दिवशी दुसऱ्या गावात. सासू शेजारी बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "बाई, सोमवारी गाडी हाय." ती सोमवारच्या गाडीने गेली. तिच्या तीन हजारांचं काम तिथेच थांबलं.

ही गाठ सोडवायला कुणी मोठा साहेब लागत नाही. सोपी वाट अशी की आधार कार्डावर जे नाव आहे तेच नाव तपासणीच्या कार्डावर आणि अर्जात लिहायचं. हाक मारायचं नाव घरात राहू द्या. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नसेल तर आधारवरच्या नावाने टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेत नवं खातं उघडता येतं. पोस्टमन घरी येऊनही ते उघडून देतो. हे सांगणारा माणूस त्या पोरीला त्या दिवशी हवा होता.

दुसरं बँकेत अडतं. पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि आधार एका वेळी एकाच खात्याला या कामासाठी जोडलेलं राहतं. कधी सिमकार्ड घेताना दुकानदाराने कुठलं तरी खातं उघडलेलं असतं आणि आधार तिकडे जोडलेलं असतं. बाई पासबुक घेऊन आपल्या बँकेत चौकशी करत राहते, पैसे भलतीकडेच पडून असतात. आधार कुठल्या खात्याला जोडलंय हे आधारच्या संकेतस्थळावर बघता येतं, पण त्याला ओटीपी लागतो, ओटीपीला आधारला जोडलेला मोबाइल लागतो, आणि तो नंबर बहुतेक वेळा नवऱ्याच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा असतो. मग उरतो अंगठा. कोयता धरून आणि मोळ्या आवळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा उठत नाही. बाई पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते, पुन्हा नाही. मागची रांग कुरकुरते. तेव्हा केंद्रातल्या माणसाने तिला परत पाठवू नये. दुसरी बोटं लावून बघावीत, डोळ्यांचं यंत्र असेल तर ते लावावं, नाहीतर आधार केंद्रात नेऊन बोटांचे ठसे नव्याने घ्यावेत आणि त्याच वेळी चालू मोबाइल नंबर जोडून घ्यावा. लक्षात घ्या, तिला हे कळत नाही असं नाही. तिला फक्त एक दिवस मोकळा मिळतो आणि त्या एका दिवसात चार दारं बंद असतात.

आपल्याला हे जमतं, याचा पुरावा आपल्याकडे आहे. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना सगळं गाव कसं कामाला लागलं होतं ते आठवा. अंगणवाडीत रात्री उशिरापर्यंत अर्ज भरले जात होते. कार्यकर्ते बायांना गाडीत बसवून बँकेत नेत होते, पोरं मोबाइलवर फोटो काढून चढवत होती, खाती आधारला जोडली जात होती. त्या वेळी कुणी बाईला म्हटलं नाही की तुझं नाव जुळत नाही, तू तुझं बघ. तीच माणसं आजही गावात आहेत. गरोदर बाया त्या मानाने किती? एका वाडीत चार, सहा, फार तर दहा. दोन संध्याकाळी मन लावून बसलं तर काम होतं.

तिसरी गोष्ट बाळाची. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. जन्माची नोंद जिथे जन्म होतो तिथेच करायची असते, २१ दिवसांच्या आत विनाशुल्क. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळंतपण झालं तर ते गाव कागलचं असो की अथणीचं, त्या गावच्या नोंदणी कार्यालयात जाऊन सांगावं लागतं. फडात असताना कोण जाणार? पहाटे तीन-चारला तोड सुरू होते, गाडी भरेपर्यंत दुपार. एक दिवस गेला की मुकादम खाडा लावतो, म्हणजे पैसे कापतो. मग घरचे ठरवतात, गावी गेल्यावर बघू. गावी आल्यावर ग्रामसेवक म्हणतो, जन्म इथे झालेला नाही, मी कसा लिहू? त्याचंही बरोबर असतं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. जन्मनोंद नाही म्हणून दुसरा हप्ता नाही, आणि त्याच नोंदीवाचून पुढे शाळेत, आधारला, जातीच्या दाखल्याला ते पोर अडखळत राहतं. बाईला एवढंच नीट समजावून सांगा: सरकारी दवाखान्यात बाळंत झालीस तर नोंद दवाखाना करतो, कागद घेतल्याशिवाय तिथून हलू नको. कोपीत झालीस तर तिसऱ्या आठवड्याच्या आत नवऱ्याला तिथल्या ग्रामपंचायतीत पाठव.

लसींचंही तसंच. जन्मतःच्या, दीड महिन्याच्या, अडीच महिन्यांच्या आणि साडेतीन महिन्यांच्या लसी कार्डावर लिहिलेल्या हव्यात. लस कुठेही घेतली तरी चालते, पण कार्ड हवं. कार्ड पत्र्याच्या पेटीत कॅरीबॅगमध्ये ठेवलेलं असतं, वरून अवकाळी पाऊस, शाई पसरते आणि पाळीची तारीख वाचता येत नाही. त्या एका तारखेवर सगळी मुदत मोजली जाते. म्हणून टोळी निघायच्या आधी कार्डाच्या प्रत्येक पानाचा, आधारचा, पासबुकाचा फोटो काढा. तिच्या घरच्या मोबाइलवर पाठवा, आशाताईंच्या मोबाइलवर पाठवा आणि तुमच्याकडेही ठेवा. वीस रुपयांची प्लॅस्टिकची पाकिटं आणा, कागद त्यात घालून द्या. अर्ज भरल्याची पोच किंवा नोंदणी क्रमांक कार्डाच्या मागच्या पानावर ठळक लिहा. आणि गावी कुणीतरी एक जण तिच्या अर्जामागे राहील असं ठरवा, कारण अर्जात त्रुटी निघाल्याचं ती फडात असताना तिला कळत नाही. बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत अर्ज लागलाच पाहिजे हे डोक्यात ठेवा.

एक अवघड गोष्टही लिहायलाच हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या चाळिसांहून जास्त मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. फडावर जायचं तर जोडी लागते, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, म्हणून पोरीचं लग्न घाईने उरकतात. अशी पोर अल्पवयातच गरोदर राहिली की तिला योजनेचे पैसे मिळत नाहीत, आणि पोलिसांच्या भीतीने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत. नोंद नाही, तपासणी नाही, रक्त किती हे माहीत नाही, आणि ती तशीच फडात मोळ्या वाहते. बालविवाह थांबवायची आपली सगळ्यांची जबाबदारी आहेच आणि ती आधीची आहे. पण जी पोर आज गरोदर आहे तिची तपासणी आणि सुरक्षित बाळंतपण पैशांच्या पात्रतेवर अवलंबून नाही. तिला दवाखान्याबाहेर ठेवण्याची शिक्षा कायद्याने कुणालाही सांगितलेली नाही. आशाताई आणि सिस्टर, अशा पोरीला घाबरवू नका, आधी तपासा.

कुणी म्हणेल, पाच हजारांनी काय होतं? हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये झाला. जोडीने दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडला तर पहिला हप्ता म्हणजे त्या जोडीची चार दिवसांची मजुरी. फार नाही, हे मीही मानतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये सांगितले होते. योजना आली ती पाच हजारांची आणि मर्यादित अपत्यांची, वर जननी सुरक्षेचे पैसे धरून सरासरी सहा हजार होतात असा सरकारी हिशेब. कंपनीतल्या नोकरदार बाईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. बाळंतिणीचा विसावा हा समाजाचा खर्च आहे, हे या मातीत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मान्य झालं. उसाच्या फडातली बाई त्या कक्षेबाहेर राहिली ती राहिलीच. ही लढाई मोठी आहे आणि ती लढली पाहिजे. पण त्या चार दिवसांच्या मजुरीचाही तिला उपयोग आहे. तेवढे पैसे हातात असले तर तपासणीच्या दिवशीचा खाडा भरता येतो. तो भरता येत नाही म्हणून ती तपासणीला जात नाही, आणि दुखणी अंगावर काढता काढता शेवटी पिशवी काढण्यापर्यंत गोष्ट जाते. २०१९ मध्ये बीडच्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली होती. त्यांतल्या किती जणींना बाळंतपणात पुरता विसावा मिळाला असता तर ही वेळ आली नसती, हा प्रश्न मला सतावतो.

आता पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांनो, तुमच्याकडे वळतो. टोळी तुमच्या शिवारात उतरते. तुमच्या उसाला ती हात लावते. कोप्या पडल्या की पहिल्या आठवड्यात तिथे जा. गरोदर बाई कोण, दिवस किती झालेत, एवढं विचारा आणि तुमच्या गावच्या आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना सांगा. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये लाभार्थीची नोंद एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीत हलवता येते. म्हणजे तिचा आहार तुमच्या अंगणवाडीतून मिळू शकतो. "आमच्याकडे नाव नाही" हे उत्तर ताईंनी देऊ नये, आणि दिलं तर तुम्ही पर्यवेक्षिकेला फोन करावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टर तपासणी करतात. त्या दिवशी शेतकऱ्याने आपल्या मोटारसायकलवरून, जीपमधून तिला पोचवलं तर तिची अर्ध्या दिवसाची पायपीट वाचते. साखर कारखान्यांच्या शेतकी खात्याकडे टोळ्यांच्या याद्या असतात. त्या यादीत गरोदर बाईसाठी एक रकाना टाका आणि ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या.

मुकादमांनो, तुम्हीही आमच्याच गावचे. उचल फिटायची काळजी तुम्हाला आहे हे समजतं. पण तपासणीच्या दिवसाचा आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा लावू नका. ९ तारीख टोळीत आधीच जाहीर करा. आठवा-नववा महिना लागलेली बाई मोळी उचलणार नाही, एवढं तुम्ही ठरवलंत तर टोळीत कुणी मोडणार नाही.

ऊसतोडीचं म्हणून लिहिलं, पण वीटभट्टीवर, बांधकामावर जाणाऱ्या बायांचीही हीच गत आहे. बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी नैसर्गिक बाळंतपणाला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये वेगळे आहेत. शहरातल्या साइटवर अशी बाई दिसली तर तिला नोंदणीबद्दल विचारा.

सुरुवात आज करता येईल. आशाताईंकडे गावातल्या गरोदर बायांची यादी आहे, ती मागा. कोण फडावर जाणार त्यांची नावं वेगळी काढा. ज्यांची पहिली तपासणी राहिली आहे त्यांना उद्या उपकेंद्रात न्या, ज्यांचं आधार किंवा खातं अडलंय त्यांना या आठवड्यात तालुक्याला न्या, बाकीच्यांचे अर्ज अंगणवाडीत बसून भरा. अर्ज अडला तर मातृ वंदना योजनेच्या मदत क्रमांकावर फोन लावा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. निघताना प्रत्येकीच्या घरच्या मोबाइलमध्ये दवाखान्याच्या गाडीसाठी १०२ आणि तातडीच्या वेळेसाठी १०८ हे नंबर घालून द्या, आणि फडाच्या गावातल्या आशाताईंचा नंबर मिळाला तर तोही. दसऱ्याच्या आत हे झालं पाहिजे.